आमची वाटचाल : अंबडचा गाळा ते सातपाटीचा बर्फ

1998 साली नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघांनी रेफ्रिजरेशनचं काम सुरू केलं. मी डिप्लोमावाला. भागीदार मालेगावचे उस्ताद, शाळा चौथीपर्यंत. चालू कॉम्प्रेसरच्या हेडवर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि कुठल्या सिलिंडरची व्हॉल्व्ह प्लेट गेली ते सांगायचं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांच्याइतकं अचूक मला अजून जमत नाही.

द्राक्षाच्या प्रीकूलिंगची (तोडल्याबरोबर माल थंड करण्याची) कामं नाशिकात भरपूर, पण ती उन्हाळ्यापर्यंत. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागतात, बर्फाचे कारखाने दुरुस्तीला उघडतात. म्हणून आम्ही त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत पालघर गाठलं. पहिली चौदा वर्षं बरी गेली.

2012 मध्ये डहाणूच्या बाजूच्या एका कारखानदाराने बोलावलं. वीजबिल कमी करून द्या, म्हणाले. कंडेन्सरच्या, म्हणजे गरम अमोनिया वायू थंड करून त्याचं द्रव करणाऱ्या भागाच्या, नळ्यांत क्षार इतका धरला होता की ब्रश आत जाईना. आम्ही तो सगळा काढला, सिस्टीममधली हवा काढली, ब्राइनच्या (बर्फ गोठवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या) टाकीचं भिजलेलं इन्सुलेशन बदललं. बिल उतरलं, त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. चार महिन्यांनी टाकीतल्या कॉइलला (अमोनिया फिरतो त्या नळ्यांना) भोकं पडली, अमोनिया ब्राइनमध्ये गेला, ऐन हंगामात कारखाना बंद. खापर आमच्यावर.

ती कॉइल आम्ही बसवलेली नव्हती. ब्राइन आम्लाकडे झुकलंय, पीएच सातच्या खाली जाऊ देऊ नका, कॉस्टिकचा डोस द्या, हे आमच्या रिपोर्टच्या दुसऱ्याच पानावर होतं. त्या रिपोर्टवर त्यांची सही आहे, कागद माझ्याकडे आहे. पण तोवर एक प्रतिस्पर्धी तिथे जाऊन बसला होता. "नाशिकवाल्यांना खाऱ्या हवेतलं काय कळतंय?" हे वाक्य त्याने वसईपासून झाईपर्यंत फिरवलं. त्या मालकांना त्याने दुप्पट मोठा कॉम्प्रेसर विकला, आणि आमचे साडेनऊ लाख अडकले ते अडकलेच. वर्षभरात सहा ठरलेली कामं रद्द झाली. मोठा लेथ विकावा लागला. तो ट्रकवर चढवताना उस्ताद बाहेर आलेच नाहीत. आठ महिने त्यांनी एक रुपया उचलला नाही.

अशा वेळी सातपाटीच्या दादांचा फोन आला. दादा जन्माने कोळी, आधी बोटीवर तांडेल (नाखवा), मग बर्फाचा कारखाना. एवढंच म्हणाले, "आयकलं सगलं. तू ये."

त्यांच्या रिसिव्हरमधला, म्हणजे साठवण टाकीतला, द्रव अमोनिया 35 अंशांवर होता. म्हणजे दाबाचा काटा 180 पौंडांच्या आसपास हवा, तो 210 दाखवत होता. हवा अडकली होती. उस्तादांनी हवा काढायच्या पर्ज व्हॉल्व्हला रबरी नळी लावली, दुसरं टोक पाण्याच्या बादलीत सोडलं. हवा असली की बुडबुडे वर येऊन फुटतात. अमोनिया यायला लागला की तो पाण्यातच विरतो, बुडबुडे दिसेनासे होतात आणि नुसती तडतड ऐकू येते. दादा स्टूल घेऊन बादलीशी बसले आणि तडतड सुरू होईपर्यंत हलले नाहीत. मग गंधकाची कांडी पेटवून प्रत्येक ग्लँडवरून (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगवरून) फिरवली. जिथे पांढरा धूर उठला, तिथे गळती. दोन ठिकाणी निघाली. त्या महिन्याचं बिल दादांनी बंदरावर सगळ्यांना दाखवलं, त्यावर आमची चार कामं परत आली.

कारखानदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कंडेन्सिंगचं तापमान एक अंश चढलं की वीज दोन-तीन टक्क्यांनी वाढते. नवा कॉम्प्रेसर घेण्याआधी नळ्या साफ करा, हवा काढा, ब्राइन ढवळणारा ॲजिटेटर नीट फिरतोय का बघा, बर्फाच्या कॅनवरची (साच्यांवरची) फुटकी लाकडी झाकणं बदला. लादी जाड करायच्या मोहात पडू नका. जाडी दुप्पट केली की गोठायला चौपट वेळ लागतो. आणि मीटरला लावायचे ते "वीज बचत" डबे कृपा करून घेऊ नका.

बोटवाल्यांनाही सांगतो. आपल्या हवेत माशाच्या वजनाइतका तरी बर्फ लागतो. बर्फात कंजुषी करून माल खराब झाला, तर त्या फेरीचं डिझेल, कारखान्याची वीज आणि मासा, तिन्ही पाण्यात. पापलेट 2023 साली राज्यमासा झाला, पण सातपाटीच्या टोपल्यांत हाताच्या पंजाएवढी पिल्लं मी अजून बघतो. ती जाळ्यात येत राहिली तर आम्ही वाचवलेल्या विजेवर बर्फ कशासाठी पाडायचा, असं दादा दर वर्षी विचारतात. मलाही तेच वाटतं.

उस्तादांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा मुलगा आता गाळ्यावर माझ्याबरोबर आहे, स्क्रूड्रायव्हर तोच वापरतो. 1 जूनला मासेमारी बंदी लागते, 31 जुलैपर्यंत आम्ही किनाऱ्यावरच असतो. ज्यांना काम करून घ्यायचंय त्यांनी 15 मेच्या आत कळवावं. आणि ब्राइनची बाटली भरून आधी पाठवावी, ती तपासल्याशिवाय आम्ही आता पाना लावत नाही.