वासोनाच्या काठावरची आमची पिकनिक

आमच्या मराठी मंडळाची उन्हाळी पिकनिक म्हणजे कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोसचं वासोना लेक काउंटी पार्क, हे आता इतकं ठरून गेलंय की मेसेजमध्ये पत्ता टाकायची पण गरज पडत नाही. दुसरीकडे करूया असं दरवर्षी कोणीतरी सुचवतं, पण मला तरी दुसरं ठिकाण नको वाटतं.

अध्यक्षांचं स्वागत, हिशोब, नवीन कमिटी हे सगळं पोहे खाता खाता उरकतं. मग मुलं शेजारच्या ओक मेडो पार्कमधल्या छोट्या वाफेच्या गाडीकडे पळतात, तरुण मंडळी पेडल बोट नाहीतर कयाक घेतात, काही जण गळ टाकून बसतात, बाकीचे क्रीक ट्रेलवर चालून येतात. तळ्यात पोहायला बंदी आहे आणि इंजिनाची बोट चालत नाही, म्हणूनच तिथे ती शांतता आहे. आवाज फक्त कॅनडा गूज बदकांचा, आणि ती सरळ ताटापर्यंत येतात.

मी मात्र वाट बघत असते ती जेवणानंतरच्या 'चार शब्दां'ची. भारतातून आलेल्या आईवडिलांपैकी कोणीतरी एकाने बोलायचं, माईक नाही, झाडाखाली सतरंजीवर सगळे गोल करून बसतात. आणि इथेच माझी तक्रार आहे, मी ती दरवर्षी करते आणि यंदाही करणार: मिसळीच्या लायनीत शंभर माणसं दिसतात आणि ह्या बोलण्याला तीस पण उरत नाहीत. एक आजी बोलल्या तेव्हा तर आम्ही मोजून बावीस होतो.

ह्या आजी इंदापूर तालुक्यातल्या, उजनी धरणात गेलेल्या जुन्या पळसदेवच्या. सकाळीच त्या पाण्याच्या अगदी कडेला गेल्या, पदर खोचून खाली वाकल्या, ओंजळभर पाणी घेतलं आणि परत सोडलं, आणि मला विचारलं, "कुणाचं गाव गेलं गं ह्याच्या पोटात?"

इतकी वर्षं मी तिथे येतेय, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. मी त्यांना माहीत होतं ते सांगितलं, की हे धरण १९३५ चं, ह्या खोऱ्यात तेव्हा जर्दाळू आणि प्रून्सच्या बागा होत्या, त्यांना पाणी उपसून उपसून जमीन खचायला लागली म्हणून पावसाळ्याचं पाणी अडवून सावकाश जमिनीत मुरवायचं ठरलं, खाली कॅम्पबेलला ती मुरवायची तळी अजून आहेत. आजी म्हणाल्या, "म्हंजी पाणी अडवा, पाणी जिरवा!" मग मी वरच्या लेक्झिंग्टन धरणाचं सांगितलं, १९५२ साली तिथे लेक्झिंग्टन आणि आल्मा ही दोन छोटी गावं होती ती पाण्याखाली गेली. त्या काहीच बोलल्या नाहीत.

दुपारी बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी पळसदेवच्या देवळाचं सांगितलं, उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की दगडी देऊळ हळूहळू बाहेर येतं, आधी शिखर दिसतं, मग बाकीचं, आणि मग लोक जाऊन पाया पडून येतात. आपलं घर कुठे होतं ते त्या देवळावरून पावलं मोजून दाखवायच्या. "वरच्या गावचीबी माणसं असत्याल की कुठंतरी," एवढं म्हणून खाली बसल्या. टाळ्या नाही वाजल्या, बराच वेळ कोणी उठलंच नाही. मला आज लिहिताना पण भरून येतंय.

आता आभार, कोणी राहिलं तर आधीच माफी मागते. पहाटे येऊन टेबलं अडवणारे कॅम्पबेलचे काका, दोन मोठी पातेली तर्री करणाऱ्या सनीवेलच्या काकू, कांदा चिरणाऱ्या त्यांच्या दोन्ही सुना, बर्फ आणि कोकम सरबत आणणारे जोशी आणि त्यांचा भाऊ (तो मंडळाचा मेंबर पण नाही), लिंबू-चमचा आणि रस्सीखेच घेणाऱ्या मराठी शाळेच्या दोन्ही ताई, पार्किंगला दिवसभर उन्हात उभा राहिलेला दादा, आणि शेवटपर्यंत थांबून कचऱ्याच्या पिशव्या उचलणारी ती चार कॉलेजची मुलं, ज्यांची नावं मी विचारायची विसरले.

आणि हो, तो नववीतला मुलगा. आजींची खुर्ची त्यानेच पाण्यापर्यंत उचलून नेली आणि त्या बसल्या होत्या तोवर बाजूला उभा राहून बदकं हाकलत होता.