लिमोन्चेल्लो स्प्रिट्झ: गंध सालीचा, आंबटपणा वाइनचा

उन्हाळ्याच्या संध्याकाळी ऊन उतरलेले असते, पण भिंतींची धग अजून ओसरलेली नसते. अशा वेळी लिमोन्चेल्लो स्प्रिट्झचा, म्हणजे लिमोन्चेल्लो हे लिंबाचे गोड इटालियन मद्य, फसफसणारी वाइन आणि सोडा यांच्या मिश्रणाचा, थंडगार ग्लास हातात यावा, यासारखे सुख मला दुसऱ्या कोणत्याही पेयात सापडलेले नाही. मात्र सुरुवातीच्या काही खेपांना मी केलेला स्प्रिट्झ इतका गोडमिट्ट होत असे की दोन घोटांनंतर ग्लास बाजूला ठेवावासा वाटे, आणि चूक नेमकी कुठे होते आहे हे उमगायला बराच काळ गेला. लिंबाचे मद्य म्हटले की त्यात लिंबाचा आंबटपणा असणारच, असे मी गृहीत धरले होते.

प्रत्यक्षात लिमोन्चेल्लोमध्ये लिंबाचा रस नसतोच. दक्षिण इटलीतील सोरेंतो, आमाल्फीचा किनारा आणि काप्री बेट हा त्याचा मुलूख. तिथे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत जाड, सुगंधी सालीच्या लिंबांच्या बागा आहेत, आणि या लिंबांची फक्त पिवळी साल अलगद सोलून ती तीव्र, शुद्ध मद्यार्कात भिजत घालतात. सालीतले सुगंधी तेल मद्यार्कात उतरले की साली गाळून टाकतात आणि अर्कात साखरेचा पाक मिसळतात. तोवर काचेसारखा स्वच्छ असलेला पिवळा अर्क पाक पडताच डोळ्यांदेखत दुधाळ होतो, कारण तीव्र मद्यार्कात सहज विरघळलेले तेल पाण्याचे प्रमाण वाढल्यावर विरघळून राहू शकत नाही आणि अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने सगळीकडे पसरते. बाटलीत येतो तो गंध, साखर आणि साधारण 25 ते 32 टक्के मद्यार्क. आंबटपणा रसाबरोबर मागेच राहतो.

ही गोष्ट एकदा लक्षात आली की स्प्रिट्झची पुढची सगळी गणिते आपोआप जुळत जातात. आंबटपणा दुसरीकडून आणायचा आहे, आणि तो आणण्याचे काम मुख्यतः प्रोसेकोचे आहे. ईशान्य इटलीत ग्लेरा जातीच्या द्राक्षांपासून होणारी ही फसफसणारी वाइन हलकी, साधारण 11 टक्के मद्यार्काची आणि स्वभावतः आंबटसर असते. ती घेताना लेबल नीट वाचावे, कारण त्यावरचे शब्द हमखास फसवतात. ‘एक्स्ट्रा ड्राय’ असे लिहिलेली बाटली नावावरून सर्वांत कमी गोड वाटते, पण तिच्यात लिटरमागे 12 ते 17 ग्रॅम साखर असते. ‘ब्रूट’ त्याहून कमी गोड, म्हणजे 12 ग्रॅमच्या आतली. लिमोन्चेल्लोत साखर मुबलक असतेच, तेव्हा इथे ब्रूटच हवी, याबाबत माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

स्प्रिट्झचे सर्वत्र सांगितले जाणारे प्रमाण तीन भाग प्रोसेको, दोन भाग मद्य आणि एक भाग सोडा असे आहे. कडसर मद्यांना ते शोभते, कारण तिथे कडवटपणा गोडीला आवर घालतो. लिमोन्चेल्लोत कडवटपणा नाही, म्हणून हेच प्रमाण त्याला जसेच्या तसे लावले की पेय जड होते. बऱ्याच प्रयोगांनंतर मी 45 मिलिलिटर लिमोन्चेल्लो, 90 मिलिलिटर प्रोसेको आणि 45 मिलिलिटर साधा सोडा या प्रमाणावर स्थिरावले आहे. त्यात दोन छोटे चमचे, म्हणजे सुमारे 10 मिलिलिटर, ताजा लिंबाचा रस घालते. एवढ्याशा रसाने गोडी मागे सरते आणि सालीचा गंध पुढे येतो.

थंडाव्याच्या बाबतीत मात्र जराही हयगय करू नये. शून्य अंशाच्या पाण्यात 20 अंशांच्या पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो, म्हणून कोमट प्रोसेको किंवा सोडा बर्फावर ओतला की फेस उसळतो आणि दोन मिनिटांत पेय मचूळ होते. तिन्ही बाटल्या आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये ठेवाव्यात. लिमोन्चेल्लो फ्रीजरमध्ये ठेवला तरी गोठत नाही, पण तो दाट होतो आणि स्प्रिट्झमध्ये तळाशी बसून राहतो, त्यामुळे या पेयासाठी मला फ्रिजच बरा वाटतो. प्रोसेको फ्रीजरमध्ये कधीही विसरू नये, कारण गोठताना बाटली फुटू शकते. बर्फाचे खडे मोठे घ्यावेत आणि ग्लास काठापर्यंत भरावा. थोडा बर्फ घातल्याने पेय कमी पातळ होईल असे वाटते, पण घडते उलटेच: थोडा बर्फ भराभर वितळतो, तर भरपूर बर्फ एकमेकाला थंड ठेवतो.

मोठ्या पोटाच्या वाइन ग्लासात बर्फावर आधी लिमोन्चेल्लो आणि लिंबाचा रस घालावा, मग ग्लास किंचित तिरका धरून प्रोसेको आतल्या बाजूने सावकाश सोडावी आणि शेवटी सोडा घालावा. साखरेमुळे जड असलेला लिमोन्चेल्लो खाली राहतो, म्हणून लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच हलकेच वर उचलावा. जोरात ढवळले की बुडबुडे निघून जातात.

आता सालीविषयी, कारण माझ्या लेखी या पेयाचा जीव तिच्यातच आहे. धुतलेल्या लिंबाची दोन बोटे लांबीची पट्टी सोलावी, पण सालीखालचा पांढरा थर घेऊ नये, कारण तो कडू असतो. पिवळी बाजू पेयाकडे करून ही पट्टी ग्लासावर धरावी आणि बोटांनी मधोमध दुमडून दाबावी. तिरप्या उजेडात पाहिले तर तेलाचे बारीक तुषार उडताना स्पष्ट दिसतात आणि पृष्ठभागावर क्षणभर त्यांची चकाकी पसरते. मग तीच पट्टी ग्लासाच्या काठावरून फिरवून आत सोडावी. पुदिन्याचे एखादे पान तळहातावर चापटून घातले तरी शोभते, पण दोन पानांच्या पुढे गेलात तर लिंबाचा गंध हरवतो.

हे पेय चवीला सरबतासारखे हलके लागते, तेवढ्यावर विसंबू नये. लिमोन्चेल्लो 30 टक्क्यांचा असेल, तर वर दिलेल्या प्रमाणाच्या एका ग्लासात सुमारे 23 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे 13 टक्क्यांच्या वाइनच्या 150 मिलिलिटरच्या ग्लासातल्यापेक्षा थोडा जास्तच. पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवावे आणि प्रत्येकाजवळ पाण्याचा ग्लास ठेवावा.

मद्य न घेणाऱ्यांसाठी मी चार लिंबांची साल 100 ग्रॅम साखरेत चुरून रात्रभर झाकून ठेवते. सकाळपर्यंत साखर सालीतले तेल ओढून घेते आणि ओलसर, पिवळसर होते. तिच्यात त्याच लिंबांचा रस घालून, साखर विरघळवून गाळले की गडद वासाचा पाक तयार होतो. त्याचे दोन मोठे चमचे, भरपूर बर्फ आणि वर काठोकाठ सोडा घालावा. सालीची पट्टी इथेही वगळू नये.