अँटी-टीपीओ आणि चहा

आज दादरला ताईचा थायरॉइडचा रिपोर्ट दाखवून आलो. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) वाढलेलं आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी) तर भरमसाट! म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर उठलीय. १९१२ साली हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी वर्णन केलेला हा आजार. केसांसाठीचं बायोटिन टेस्टच्या दोन दिवस आधीच बंद करायला लावलं होतं, त्याने आकडे चुकतात म्हणे. अँटीबॉडी फक्त कारण सांगतात. गोळीचा डोस ठरतो टीएसएच आणि फ्री टी-फोर या थायरॉइडच्या हार्मोनवर. त्यामुळे अँटीबॉडीची ही महागडी टेस्ट पुन्हापुन्हा करायची नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. (हे ऐकून मला जरा बरं वाटलं, खिसा माझा!) ताईला आजाराचं काहीच वाटत नाही. उपाशीपोटी गोळी घेतल्यावर अर्धा तास चहा नाही, यावरून मात्र लोकलमध्ये माटुंग्यापासून मुलुंडपर्यंत माझ्याशी भांडली.