सायकल खेळून पुढे काय? तुम्ही विचारलंत म्हणून

सांगलीला गेले की हमखास, आणि इथे लंडनमध्ये गणपतीच्या जेवणावळीत तर ताट हातात पडायच्या आधीच, कुणीतरी विचारतंच. "मुलगी सायकलच्या शर्यती खेळते म्हणे तुमची. त्यात पुढे काय असतं हो?"

विचारणाऱ्याच्या मनात काय आहे ते मला कळतं. आपल्याकडे खेळातलं 'पुढे' ठरलेलं असतं. दहावी-बारावीला सवलतीचे गुण, मग सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीच्या ५ टक्के जागा, रेल्वेत नाहीतर पोलिसात भरती, आणि फारच नाव काढलं तर शिवछत्रपती पुरस्कार. यात हसण्यासारखं काही नाही. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' व्हायला बोरघाटात जीव काढणाऱ्या मुलालाही संध्याकाळची भाकरी लागतेच.

तर सरळ उत्तर देते. ती खेळते त्या बीएमएक्स रेसिंगमध्ये, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या छोट्या सायकलींच्या शर्यतीत, करिअर असतं. फार थोड्यांचं असतं, फार वर्षं टिकत नाही, आणि त्याचा सुरुवातीचा बराचसा खर्च आई-बापांच्या खिशातून जातो. सवलतीचे गुण इथे मिळत नाहीत. आता वेळ असेल तर बाकीचं ऐका.

बीएमएक्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हवेत गिरक्या घेणारी मुलं येतात. ते फ्रीस्टाइल, तो वेगळा खेळ. तो ऑलिंपिकमध्ये आला टोकियोपासून. रेसिंग आलं २००८ मध्ये, बीजिंगला. रेसिंगमध्ये आठ जण एका उंच चढणीवर लोखंडी गेटला पुढचं चाक टेकवून उभे राहतात. सायकल २० इंची चाकांची, गिअर एकच, सीट नावापुरतं, कारण त्यावर कुणी बसतच नाही. ध्वनिमुद्रित आवाज सूचना देतो, आणि त्यानंतर गेट नेमकं कधी पडेल ते कुणालाच माहीत नसतं. तो विलंब मुद्दाम अनियमित ठेवलेला असतो, म्हणजे मनात आकडे मोजून कुणाला फसवाफसवी करता येऊ नये. गेट पडलं की मातीचे उंचवटे, उड्या, डांबरी तिरकी वळणं, आणि ४० सेकंदांच्या आसपास सगळा खेळ आटोपतो. मोठ्या स्पर्धांत सुरुवातीची चढण ८ मीटर उंच असते, जवळपास तीन मजले. पहिल्या वळणात जो पुढे शिरतो त्याने निम्मी शर्यत जिंकलेली असते. म्हणून मुलं संध्याकाळच्या संध्याकाळ नुसतं गेट मारत बसतात: वर जायचं, सुटायचं, पुन्हा वर जायचं. बघणाऱ्या आईसाठी याहून कंटाळवाणं दृश्य नाही.

आम्ही राहतो आग्नेय लंडनमध्ये. इथला पेकम बीएमएक्स हा क्लब २००४ मध्ये मायकल प्यूझी यांनी सुरू केला. व्यवसायाने डीजे, सीके फ्लॅश या नावानेच लोक त्यांना ओळखतात. आधी ब्रिमिंग्टन पार्कमधला छोटासा ट्रॅक होता, २०१३ मध्ये बर्जेस पार्कमध्ये मापाचा ट्रॅक झाला. याच क्लबात व्हाइट कुटुंबातले तिघे भाऊ वाढले: डॅनियल, ट्रे आणि काइ. वडील नायजेल क्लबच्या कामात पहिल्यापासून. धाकटा काइ तीन वर्षांचा असताना सायकलवर बसला. ट्रेने २०१४ मध्ये रॉटरडॅमच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं, आणि काइने २०२१ मध्ये टोकियोत रौप्य. बीएमएक्समधलं ते ब्रिटनचं पहिलं ऑलिंपिक पदक.

पत्रकार इथे येतात ते बहुधा एकच गोष्ट मनात धरून: चाकू, टोळ्या, आणि सायकलने वाचवलेली पोरं. त्या गोष्टीत खोटं काही नाही, पण एव्हाना ती गुळगुळीत झाली आहे. मला त्याहून साधी बाब महत्त्वाची वाटते. ट्रॅक घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. तिथे क्लबच्या सायकली आणि हेल्मेटं होती, म्हणजे पहिल्या दिवशी घरून काही न्यावं लागत नव्हतं. आणि आठवड्याच्या ठरलेल्या संध्याकाळी गेट चालू करायला कुणीतरी मोठं माणूस हजर असायचं. एका घरातले दोन भाऊ जागतिक दर्जाचे निघाले की आपण 'रक्तातच आहे' म्हणून मोकळे होतो. रक्तात असेलही, पण ट्रॅक पंचवीस मैलांवर असता तर ते रक्त फुटबॉलकडे गेलं असतं.

पैशाचं विचाराल तर मी बेथनी श्रीव्हरची गोष्ट सांगते. एसेक्समधली ही मुलगी २०१७ मध्ये ज्युनियर गटाची जगज्जेती झाली. इथे खेळाडूंना पगारवजा मदत मिळते ती राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून, आणि तो कुणाला द्यायचा हे यूके स्पोर्ट ही संस्था ठरवते. निकष सरळ: पदक येण्याची शक्यता. रिओ ऑलिंपिकनंतर त्यांनी टोकियोच्या तयारीसाठी बीएमएक्स रेसिंगमधल्या फक्त पुरुषांना पैसा द्यायचं ठरवलं. मुलींना शून्य. म्हणजे जगज्जेतेपद मिळवायचं आणि त्याच सुमाराला दार बंद झालेलं बघायचं. श्रीव्हर आई-वडिलांच्या घरी राहिली, शाळेत साहाय्यक म्हणून अर्धवेळ काम केलं, आणि पात्रता फेऱ्यांच्या प्रवासासाठी लोकांकडे ऑनलाइन मदत मागितली. ५०,००० पौंडांचं आवाहन होतं ते. ऑलिंपिकला पात्र व्हायचं तर गुण मिळवायचे, गुण मिळवायचे तर देशोदेशीच्या स्पर्धांना जायचं, आणि जायचं तर विमानाची तिकिटं. खेळ ४४ सेकंदांचा, पण त्या सेकंदांपर्यंत पोचायचं भाडंच माणसाला मारतं. पुढे ब्रिटिश सायकलिंग या राष्ट्रीय संघटनेने तिला पुरुषांच्या बरोबरीने आधार दिला, हेही सांगायला हवं.

३० जुलै २०२१ रोजी टोकियोत ती कोलंबियाच्या मारियाना पाहोनच्या ०.०९ सेकंद पुढे राहून सुवर्ण जिंकली. पाहोन म्हणजे २०१२ आणि २०१६ ची ऑलिंपिक विजेती. तिच्या नावाचा ट्रॅकच आहे कोलंबियातल्या मेदेयीन शहरात. शर्यत संपल्यावर श्रीव्हरच्या पायांत उभं राहायची ताकद नव्हती. नुकतंच रौप्य मिळवलेल्या काइ व्हाइटने तिला उचलून धरलं, तो फोटो इथे सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत 'शिक्षिकेची मदतनीस ते सुवर्णकन्या' अशा धाटणीचे मथळे होते. मला ते वाचून राग आला होता, अजूनही येतो. जी व्यवस्था मुलींना पैसे देत नव्हती तिच्या अपयशाची गोष्ट होती ती. ती सगळ्यांनी जिद्दीची म्हणून वाचली. तिच्यासारखीच जिद्द असलेल्या, पण आई-वडिलांचं घर आणि ऑनलाइन मदत न मिळालेल्या मुलींची नावं कुणाला माहीत असणार?

मग पॅरिस. २०२४ च्या त्या ऑलिंपिकआधी काही महिने श्रीव्हरचं कॉलरबोन मोडलं होतं. तरी अंतिम फेरीपर्यंतची प्रत्येक शर्यत तिने जिंकली, आणि अंतिम फेरीत आठवी आली. आठांत आठवी. गेटवर थोडं मागे पडलं, पहिल्या वळणाला समोर बाकीच्यांची भिंत उभी राहिली, संपलं. काइ व्हाइट उपांत्य फेरीत पडला आणि त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. तीन वर्षांपूर्वीचे तेच दोघे. ज्यांना करिअर म्हणजे दरवर्षी वाढणारा पगार वाटतो त्यांना हे कसं समजावायचं, मला खरंच सुचत नाही.

पॅरिसचं सुवर्ण मिळालं ऑस्ट्रेलियाच्या साया साकाकिबाराला. तिचा थोरला भाऊ काइ, हाही काइच, फेब्रुवारी २०२० मध्ये बॅथर्स्टच्या जागतिक मालिकेत पडला, मेंदूला मार बसला, कित्येक आठवडे बेशुद्ध होता. त्याची रेसिंग तिथेच थांबली. साया स्वतः टोकियोच्या उपांत्य फेरीत कोसळली होती. रिओचा रौप्यविजेता, नेदरलँड्सचा येले फान गोर्कोम, २०१८ मध्ये सरावात पडून कोमात गेला. रिओचा सुवर्णविजेता, अमेरिकेचा कॉनर फील्ड्स, टोकियोत पडला आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. "लागत नाही का हो?" हा तुमचा दुसरा प्रश्न असतो. लागतं. लहान मुलांच्या ट्रॅकवर चढण बुटकी असते, वेग कमी असतो, बहुतेक वेळा कोपर-गुडघे सोलवटण्यावर भागतं. पण त्या पायरीवरून वर जाताना धोका कुठे बदलतो ते प्रत्येक घराने डोळे उघडे ठेवून बघायचं असतं. माझ्या सासूबाईंना मी हा परिच्छेद वाचून दाखवणार नाही.

आणि जे ऑलिंपिकला पोचत नाहीत त्यांचं काय? तुमच्या प्रश्नाचा खरा जीव इथे आहे, कारण जवळजवळ सगळे यातच मोडतात.

काहींना बीएमएक्स दुसऱ्या सायकलवर नेऊन सोडतं. ट्रॅक सायकलिंगमध्ये सहा ऑलिंपिक सुवर्णं मिळवलेला एडिंबरोचा ख्रिस हॉय ७ ते १४ या वयात बीएमएक्सच खेळायचा, त्या वयोगटात ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला होता. जेमी स्टाफ तर बीएमएक्सचा जगज्जेता. तो तिशीच्या उंबरठ्यावर व्हेलोड्रोममध्ये, म्हणजे ट्रॅक सायकलिंगच्या तिरक्या वळणांच्या गोल ट्रॅकवर, आला, २००८ मध्ये बीजिंगला हॉय आणि जेसन केनीबरोबर सांघिक स्प्रिंटचं सुवर्ण मिळवलं, मग अमेरिकेच्या स्प्रिंट खेळाडूंचा प्रशिक्षक झाला. गेटवरून फुटण्याची जी ताकद या मातीत कमावली जाते ती लाकडी ट्रॅकवर चालते. क्रू शहराची शनेझ रीड दोन्हीकडे होती: बीएमएक्सचं जगज्जेतेपद आणि व्हिक्टोरिया पेंडल्टनबरोबर सांघिक स्प्रिंटचंही. बीजिंगच्या बीएमएक्स अंतिम फेरीत ती दुसरी होती. शेवटच्या वळणावर पुढच्या आन-कॅरोलिन शोसाँला गाठायला गेली, चाकाला चाक लागलं, पडली. रौप्य हातात होतं, गेलं. लोक अजून म्हणतात, गप्प दुसरी राहिली असती तर. ज्याने तिची आधीची एकही शर्यत पाहिली नाही तोच असं म्हणू शकतो.

पण हीसुद्धा नाव झालेली माणसं. आमच्या ट्रॅकवर दिसतात ती वेगळी. विशीत रेसिंग सोडून मुलांना शिकवणारा एक जण आहे, दिवसा सायकलच्या दुकानात चाकं सरळ करतो. युरोपातल्या फेऱ्या खेळून आलेली एक मुलगी आता फिजिओथेरपी शिकते. एकाला इंग्लंडभर ट्रॅक बांधायचं काम मिळालं. कुठल्या मातीला किती पाणी, उंचवट्याचा उतार किती, हे त्याला अंगाने कळतं, कारण त्यावर तो पडलेला आहे. चाळिशीतले बाबा क्रूझरवर, म्हणजे २४ इंची चाकांच्या मोठ्या बीएमएक्स सायकलवर, स्वतःच्या वयाच्या गटात शर्यत खेळतात आणि पोरापेक्षा जास्त तणावात असतात. आणि सगळ्यांत मोठा गट म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षी एक दिवस यायचं बंद करणारी मुलं. परीक्षा, मित्र, मैत्रीण, किंवा नुसता कंटाळा. त्यांच्याबद्दल इथे कुणी हळहळत नाही. आपल्याकडे 'अर्धवट सोडलं' म्हटलं असतं.

एक गंमत सांगते. जागतिक स्पर्धेच्या वेळी मोठ्यांबरोबर लहान वयोगटांच्याही शर्यती होतात, आणि अंतिम फेरीतल्या आठांना सायकलच्या हँडलपुढे लावायची खास नंबरप्लेट मिळते, जगातला पहिला ते आठवा. त्यामुळे तिसरी-चौथीतलं एखादं पोर 'जगात सहावं' असतं. पुढच्या वर्षी पाय लांब होतात, शेजारच्या पोराचे आणखी लांब होतात, आणि प्लेट जाते. त्या वयात जागतिक क्रमांक येणं आणि जाणं, दोन्ही होऊन गेलेलं असतं. यावरून त्याच्या भविष्याबद्दल कुणी काही अंदाज बांधू नये, आणि घरच्यांनी तर अजिबात नाही. काही घरं बांधतात. व्हॅन घेतात, कर्ज काढतात, सुट्ट्या देशभरच्या फेऱ्यांत तंबू ठोकण्यात घालवतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. आपल्याकडे कोटाला पोर पाठवून घर भाड्याने घेणाऱ्यांचीच ही इंग्लिश बहीण.

आम्ही राष्ट्रीय मालिकेच्या सगळ्या फेऱ्यांना जात नाही. विभागीय फेऱ्या, आणि मुलीने स्वतःहून मागितली तर एखादी लांबची, एवढंच. त्यामुळे ती कदाचित वर जाणार नाही. गेलीच तर आपलं आपण ठरवू. हे ऐकून समोरची मावशी गोंधळते: मग पाठवता कशाला? पोहायला, भरतनाट्यमला पाठवताना हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून मी तिला उत्तर देत नाही.

महाराष्ट्रात मुलाला यात घालायचं का, असंही हल्ली कुणी कुणी विचारतं. बालेवाडीत व्हेलोड्रोम आहे, पण तो वेगळा खेळ. बीएमएक्सला लागते थोडी मोकळी जागा, चांगली चिकट माती, आणि पाऊस पडून गेल्यावर फावडं घेऊन उंचवटे पुन्हा बांधणारी माणसं. आपल्याकडचा पाऊस लक्षात घेता ती माणसं जरा जास्तच लागतील. सायकल हा शेवटचा खर्च. महागडी सायकल आधी घेऊन मग ट्रॅक शोधणारे भेटले, म्हणून सांगते.

मुलीला मी एकदा सरळच विचारलं, मोठी होऊन यातच काही करायचं आहे का? तिने विचार करून सांगितलं की रेसिंग बहुतेक नाही, पण ट्रॅक बांधणारा तो दादा पिवळं खोदयंत्र चालवतो ते करायला आवडेल. इथे सध्या गावोगावी पंप ट्रॅक होताहेत, म्हणजे पायडल न मारता अंगाच्या झोक्याने सायकल पळवायचे उंचवट्यांचे ट्रॅक. त्या मावशींना सांगा, पोरीचं करिअर ठरलं.