तुम्ही विचारलंत म्हणून: रानात तरी सोडा ना तिला!

डोंगरवाटेवर समोरून येणारी माणसं आधी माझ्या कुत्रीकडे, चिंगीकडे बघून हसतात, मग माझ्या हातातल्या दोरीकडे बघतात आणि म्हणतात, "अहो, इथे तरी सोडा ना तिला! एवढं रान पडलंय." चढावर उभं राहून याचं उत्तर देता येत नाही, कारण तोवर चिंगी पुढे निघालेली असते. म्हणून इथे सांगतो.

मुळात तिला रान कशासाठी हवं असतं? देखाव्यासाठी तर नक्कीच नाही. आम्ही कड्यापाशी पोचतो, खाली दरीभर झाडी पसरलेली असते आणि बाईसाहेब दरीकडे पाठ करून एका मुळापाशी नाक खुपसून उभ्या! अशा वेळी मी खाली वाकून बघतो. नाकाशेजारचं वाळलेलं पान थरथरत असतं. कुत्रा श्वास सोडतो तो नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांमधून, मागे आणि बाजूला. त्यामुळे समोरचा वास फुंकरीने उडून जात नाही, उलट ताजी हवा नाकाकडे ओढली जाते. रात्री तिथून कोण गेलं, हे तिला त्या मुळापाशी कळत असावं. हे सुख दोरीमुळे हिरावलं जात नाही. ते हिरावतो घाईत असलेला माणूस, "चल चल" करत ओढणारा. दोरी पाच मीटरची हवी, ती गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरच्या हार्नेसला अडकवायची आणि थांबायची तयारी ठेवायची. बस्स.

आता रानाची बाजू. जमिनीवर घरटं करणारे पक्षी कितीतरी आहेत. अनेक जातींच्या हरणांची पाडसं जन्मल्यावर काही दिवस धोका दिसला की पळत नाहीत, गवतात निपचित पडून राहतात. मोकळ्या कुत्र्याने त्यांना तोंड लावायचीही गरज नसते. पाठलाग, भुंकणं, नुसतं हुंगत जवळ जाणं एवढ्यानेही आई बुजते. "आमचा काही करत नाही हो" म्हणणाऱ्यांना हे पटवणं अवघड जातं.

पण दोरी बांधली म्हणजे आपण सुटलो, असंही नाही. सिडनीजवळच्या जंगलवाटांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यातले कुत्रे बांधलेलेच होते, तरी ते फिरवल्यावर तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि एकूण पक्षी ४१ टक्क्यांनी कमी भरले. हे वाचल्यापासून मी वाट सोडून आत शिरत नाही आणि जिथे कुत्र्यांना बंदी आहे तिथे हुज्जत घालत नाही. त्या दिवशी चिंगी घरी.

लसीचंही तसंच. आपण ती कुत्र्यासाठी टोचतो, पण ती रानासाठीही असते. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीतले जवळजवळ एक तृतीयांश सिंह गेले, ते कुत्र्यांच्या डिस्टेंपर या साथीच्या आजाराच्या विषाणूने. सिंहाला मारणारा आजार कुत्र्यांचा, हे ऐकून माणसं थबकतात. थबकायलाच हवं.

आणि आता खुद्द चिंगीची बाजू, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांनाच, तोही नावापुरता. अंग थंड होतं ते धापा टाकून, जिभेवरचं पाणी वाफ होऊन उडालं की. जंगलातली गंमत इथेच आहे. सावली दाट असते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण हवा दमट आणि पडलेली असली की जिभेवरचं पाणी उडतच नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ४१ च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. आणि कुत्रा स्वतःहून "दमलो" म्हणत नाही, विशेषतः आपलं माणूस पुढे चालत असेल तर.

ते मला कळतं दोरीतून. एरवी ताणलेली दोरी चढावर सैल पडू लागते. मग मी जीभ बघतो. नेहमीची अरुंद, गुलाबी जीभ टोकाला पसरट होते, लालभडक दिसते, आणि ओठांचे कोपरे मागे ताणले जातात. तिथेच बसायचं. पाणी थोडं थोडं पाजायचं, पोटावर आणि जांघेत ओतायचं, आणि धाप उतरल्याशिवाय उठायचं नाही. माथा राहिला तर राहिला. चपट्या नाकाच्या जातींना, पग किंवा बुलडॉगला, असल्या चढावर नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दोरीतून असं बोलणं होतं यावर ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांना मी बिल आयर्विनबद्दल सांगतो. हा अंध माणूस १९९० मध्ये ओरिएंट नावाच्या वाटाड्या कुत्र्यासोबत अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल ही डोंगरवाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. तीन हजारांहून जास्त किलोमीटर!

अस्वलं असलेल्या डोंगरात तर सोडण्याचा विचारही नको. मोकळा कुत्रा भुंकत अस्वलावर धावून जातो, ते उलटलं की शेपूट घालून पळत येतो. कुणाकडे? मालकाकडेच, अस्वलाला मागे घेऊन.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "पण हाक मारली की येते ना?" येते की. घरात येते, अंगणात येते, जेवणाच्या वेळी तर हाकेचीही गरज नसते. समोरून ससा उठला की मात्र मी कोण, हेसुद्धा तिला आठवत नाही. ज्यांचा कुत्रा सशामागून अर्ध्यात परत फिरतो, त्यांनी खुशाल वेगळं ठरवावं, जिथे नियम परवानगी देतात तिथे. आमच्याकडे ती वेळ आलेली नाही आणि चिंगीचा रागरंग बघता येईलसं वाटतही नाही.