२८ गिगाहर्ट्झचा पॅच अँटेना करताना

पॅच अँटेना म्हणजे सर्किट बोर्डावरचा तांब्याचा छोटा चौकोनी तुकडा, जो रेडिओ लहरी सोडतो आणि पकडतो. २८ गिगाहर्ट्झला तरंगलांबी भरते जेमतेम १०.७ मिलिमीटर. हा आकडा डोक्यात पक्का बसला की पुढच्या बऱ्याच अडचणी कुठून येतात ते कळायला लागतं. कमी वारंवारितेवर काम करताना कनेक्टर, सोल्डरचा ठिपका, फीडलाइनचा (अँटेनापर्यंत सिग्नल नेणाऱ्या पट्टीचा) तुकडा यांच्याकडे थोडं दुर्लक्ष केलं तरी चालून जातं. इथे ते सगळे अँटेनाचाच भाग होऊन बसतात.

मी सुरुवात सबस्ट्रेटपासून, म्हणजे तांब्याखालच्या बोर्डाच्या पदार्थापासून केली. नेहमीचं एफआर-४ लगेच बाद झालं, कारण त्याचा लॉस टँजंट (पदार्थ किती ऊर्जा गिळतो त्याचं माप) ०.०२ च्या आसपास असतो आणि या वारंवारितेला बरीचशी शक्ती बोर्डातच जिरते. म्हणून २.२ डायलेक्ट्रिक स्थिरांकाचं (पदार्थात लहर किती मंदावते ते या आकड्यावर ठरतं), ०.२५४ मिलिमीटर जाडीचं टेफ्लॉन-आधारित लॅमिनेट घेतलं. तांब्याचा पत्राही गुळगुळीत बघून निवडला. २८ गिगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या ०.४ मायक्रॉनमधूनच वाहतो, त्यामुळे पत्रा खडबडीत असला की लॉस वाढतो.

नेहमीच्या सूत्रांनी पॅचची रुंदी ४.२४ आणि लांबी ३.४७ मिलिमीटर आली. पॅचच्या कडेला इंपिडन्स (एसी प्रवाहाला होणारा अडथळा) जोडणीच्या ५० ओहमपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून फीडलाइन खाचेतून आत नेली. जितकं आत जावं तितका तो उतरत जातो. सिम्युलेशनमध्ये खाचेची खोली बदलत बदलत मी ५० ओहम गाठले. हा भाग सोपा होता.

बोर्ड हातात आला, नेटवर्क अॅनालायझर नीट कॅलिब्रेट केला आणि जोडणी केली. अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीच्या आलेखातला खड्डा, म्हणजे अँटेना सर्वात चांगला चालतो ती जागा, छान खोल होता, पण होता २७.६ गिगाहर्ट्झला. एवढ्या पातळ बोर्डावर पॅचची बँडविड्थ (अँटेना नीट चालतो तो वारंवारितांचा पट्टा) पाऊण गिगाहर्ट्झच्या आसपासच मिळते, म्हणजे नेमकी हवी ती वारंवारिता पट्ट्याच्या काठावर जाऊन पडली होती.

अशा वेळी सिम्युलेशनमधला डायलेक्ट्रिक स्थिरांक थोडा हलवून दोन्ही आलेख जुळवून टाकायचा मोह फार होतो. मला ते पटत नाही. आलेख जुळतो, पण कारण हाती लागत नाही. म्हणून बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरला. एचिंगमध्ये, म्हणजे नको ते तांबं रसायनाने काढताना, तांबं कमी खाल्लं गेलं होतं आणि कडा बाहेर राहिल्या होत्या: लांबी ३.४७ च्या जागी ३.५२ मिलिमीटर. फरक फक्त ०.०५ मिलिमीटरचा, साधारण केसाच्या जाडीएवढा, पण त्याने जवळपास ४०० मेगाहर्ट्झ सरकतात. मोजलेली मापं सिम्युलेशनमध्ये घातल्यावर खड्डा २७.६ लाच आला. तेव्हा कुठे जिवात जीव आला. पुढच्या बोर्डाच्या आर्टवर्कमध्ये तेवढी भरपाई आधीच केली आणि खड्डा २८ वर बसला.

मग रेडिएशन पॅटर्न, म्हणजे कुठल्या दिशेला किती शक्ती जाते त्याचा आलेख. साधा एसएमए कनेक्टर साधारण १८ गिगाहर्ट्झपर्यंतचा, त्यामुळे ४० पर्यंत चालणारा २.९२ मिलिमीटरचा एंड-लाँच (बोर्डाच्या कडेला बसणारा) कनेक्टर लावला होता. त्याची धातूची बॉडी पॅचपेक्षा कितीतरी मोठी. पॅटर्नमध्ये एका बाजूला लाटा उमटल्या होत्या, त्या तिच्यामुळेच. बॉडीवर शोषक फोम चिकटवला की लाटा दबायच्या, काढला की परत हजर. फीडलाइन लांबवून पॅच कनेक्टरपासून दूर नेला, तेव्हा पॅटर्न बराच सुधारला. त्याबदल्यात लाइनमधला लॉस वाढला. हा सौदा मला मान्य आहे, कारण तो लॉस वेगळा मोजून हिशेबातून वजा करता येतो. कनेक्टरवरून आदळून आलेल्या लहरी तशा वजा करता येत नाहीत.

गेन, म्हणजे अँटेना एका दिशेला शक्ती किती एकवटतो ते, मोजायला शेजारी प्रमाणित हॉर्न (कर्ण्याच्या आकाराचा अँटेना) ठेवला होता. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात मिलिमीटर लहरींवर प्रयोग केले, तेव्हा त्यांनीही हॉर्नच वापरला होता, आणि आजही मोजणीच्या वेळी भरवसा त्याच्यावरच ठेवला जातो, याचं मला फार अप्रूप आहे. हॉर्नशी तुलना करून पॅचचा गेन सहा डेसिबलच्या थोडा वर आला.

एकट्या पॅचवर काम भागणार नाही, कारण २८ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेत पहिल्या मीटरलाच ६१ डेसिबल जातात. आता चार पॅचचा अॅरे, म्हणजे एकत्र चालणारा संच, मांडतो आहे. दोन पॅचमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीचं, म्हणजे ५.३५ मिलिमीटर ठेवलं, तर ४.२४ रुंदीच्या पॅचशेजारी फीडलाइनला जेमतेम एक मिलिमीटर उरतो, आणि ५० ओहमची लाइन एकटीच पाऊण मिलिमीटर खाते. म्हणून फीड खालच्या थरात न्यायचा विचार आहे.