जागलीवरचे झोंबी

हरभऱ्याचे घाटे भरायला लागले की आमच्या गावातली निम्मी माणसं रात्री शेतात झोपायला जातात. म्हणजे न झोपायला. डुकरांचा कळप एका रात्रीत उभ्या पिकाचा चेंदामेंदा करतो. मचाणावर घोंगडं, बॅटरी, बडवायला तेलाचा रिकामा डबा आणि मोबाईल, एवढा आमचा संसार.

मागच्या वर्षी याच मचाणावर 'ट्रेन टू बुसान' पाहिला. २०१६ चा कोरियन सिनेमा. सोलहून निघालेल्या गाडीत झोंबी, म्हणजे माणसांना चावत सुटलेले चालते मुडदे, शिरतात. त्यांना दार उघडता येत नाही आणि अंधारात दिसत नाही, म्हणून बोगदा आला की माणसं सामानाच्या फळीवरून सरपटत पुढं जातात. सोबत एक आपमतलबी बाप आणि त्याची चिमुरडी. त्या रात्री लघवीला खाली उतरायची माझी हिंमत झाली नाही. (ती गाडी तासाला ३०० किलोमीटरनं धावणारी, म्हणून पंचाईत. आमच्या यवतमाळ-मूर्तिजापूरच्या रखडत चालणाऱ्या शकुंतला गाडीत झोंबी शिरले असते, तर लोक खाली उतरून पायी पुढं निघून गेले असते.)

म्हणून यंदा मोठ्या हौसेनं काकांना शेजारी बसवून त्याचाच पुढचा भाग, २०२० चा 'पेनिन्सुला' लावला. दिग्दर्शक तोच, येऑन सांग-हो. पण गाडी नाही, डबा नाही, ते दारही नाही. ओसाड शहरात डॉलरनं भरलेला ट्रक आणायला माणसं जातात आणि मग नुसत्या मोटारी. रोटाव्हेटरखाली कपाशीच्या पऱ्हाट्या याव्यात तसे झोंबी चाकाखाली येतात. पऱ्हाटीला कोण भितं?

एक लहान पोरगी रिमोटच्या खेळण्यातल्या गाडीला दिवे लावून झोंब्यांना भुलवते, तेवढ्यापुरते काका सरसावून बसले.

"आपले डुक्करं उजेड पाहून पयतात, अन् याह्यचे भुतं उजेडाकडंच धावतात? उलटंच हाय लेका."

"हाव ना काका."

"मंग भेव कवा लागते?"

"लागंल आता," म्हटलं. मलाच खात्री नव्हती. पहिल्यात डब्यातला एकेक माणूस गेला की जीव हळहळायचा. इथं कोण गेलं नि कोण राहिलं, याचा हिशेब काकांनी कधीच सोडून दिला होता. ते घोरत होते.

शेवट जवळ आला असावा. धुऱ्याकडून कुरुमकुरुम ऐकू आलं. काका दचकून उठले, डबा बडवला, मी बॅटरी मारली. नाल्याकडच्या चार ओळी साफ. मोबाईलमध्ये मोटारी अजून धावतच होत्या.